चाऱ्याची होडी: हिडकल-कृष्णेच्या पाण्यासाठी घरी बांधायची रिमोटची नाव

होळी झाली की हिडकलचं पाणी दिवसागणिक मागं सरकायला लागतं. घटप्रभेवरचं हे ५१ टीएमसीचं धरण भरलेलं असताना काठाखालीच खोली मिळते. मार्च-एप्रिलमध्ये मात्र काठ आणि खोल पाणी यांच्यात लांबच लांब गाळाचा उतार उघडा पडतो. मृगळ आणि सायप्रिनस हे मासे दिवसा जुन्या पात्राच्या कडेला जाऊन बसतात. काठीनं चांगला फेकणारा माणूस गळ पन्नास-साठ मीटर नेतो, पण हातानं फेकलेला चारा वीस मीटरच्या पुढं जात नाही. म्हणजे चारा एकीकडे, गळ दुसरीकडे आणि मासा तिसरीकडेच.

रिमोटवर चालणारी चाऱ्याची होडी हा प्रश्न सोडवते. किलो-दीड किलो चारा आणि त्यातच ठेवलेला गळ घेऊन ती शंभर-सव्वाशे मीटरवर जाते, कळ दाबली की दोन्ही एकाच जागी सोडते आणि परत येते. तयार होडी महाग पडते. घरी बांधलेली १२ ते १५ हजारांत होते आणि तिचा प्रत्येक भाग नंतर आपल्यालाच दुरुस्त करता येतो.

आपल्या पाण्यासाठी होडी बांधताना एक गोष्ट आधी पक्की करा: ती काहीही झालं तरी परत आली पाहिजे. कुडची-उगारच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. हिडकलच्या उघड्या गाळात माणूस मांडीपर्यंत रुततो. होडी मध्येच बंद पडली तर ती आणायला पाण्यात उतरायचं नाही, हा नियम घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. म्हणूनच पुढच्या आराखड्यात वेगाला काही किंमत नाही. एका मोटरीच्या जागी दोन, पाणी भरलं तरी न बुडणारा सांगाडा आणि सिग्नल तुटला की थांबणारी यंत्रणा, हे सगळं या एकाच कारणासाठी आहे.

परवानगीचं आधी बघून घ्या. गावतलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार संघाला किंवा ठेकेदाराला दिलेले असतात, तिथं त्यांना विचारल्याशिवाय गळही टाकू नये. धरणात मत्स्य खात्याचा परवाना लागतो. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांच्या बाजूला होडी सोडू नका. राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथं चारा टाकायचा विचारही नको. धुपदाळचं पक्षी अभयारण्य आणि खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य ही दोन्ही ठिकाणं सोडून द्या. आणि पावसाळ्यात होडी घरी ठेवा. रोहू, कटला, मृगळ यांचा अंडी घालायचा काळ तोच, आणि आपल्या नद्यांना पूर येतो तोही तेव्हाच.

आधी वजनाचा हिशेब

बहुतेक जण मोटरीपासून सुरुवात करतात. सुरुवात वजनापासून करावी, कारण होडी किती लांब हवी हे वजनच ठरवतं.

एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो वजन उचललं जातं. प्लंबरकडचा ४ इंची म्हणजे ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला, तर त्याच्या दर १० सेंटिमीटरला साधारण ०.९५ लिटर आकारमान मिळतं. ९० सेंटिमीटरच्या एका पाइपाचं साडेआठ लिटर, दोन्हींचं मिळून १७. पाइप निम्मा पाण्याखाली असावा असं धरलं, तर होडीचं चाऱ्यासह वजन साडेआठ किलोच्या आसपास चालतं.

आता हे वजन कुठं खर्च होतं ते मांडा. दोन पाइप, टोकाची वाकणं, टोपणं आणि दाराचे तुकडे मिळून साडेतीन किलो. वरची फळी आणि आडव्या पट्ट्या एक किलो. दोन मोटरी पाऊण किलोच्या आत. शाफ्ट, पंखे आणि कपलिंग (मोटर आणि शाफ्ट जोडणारा तुकडा) पाव ते अर्धा किलो. बॅटरी लिथियम फॉस्फेटची घेतली तर पाऊण किलो ते एक किलो. चारा दीड किलो. बेरीज आठच्या आसपास येते, म्हणजे जमलं. बॅटरी जर अलार्मच्या पेटीत किंवा लहान यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची शिशाची घेतली, तर एकटी ती सव्वादोन किलोची. होडी तरीही तरंगते, पण निम्म्यापेक्षा थोडी जास्त बुडते आणि लाट आली की फळी ओली होते. घरातला वजनकाटा जवळ ठेवा आणि प्रत्येक वस्तू विकत घेतली की तिचं वजन लिहून ठेवा.

सांगाडा: दोन पाइपांची जोडनाव

एका पोटाची होडी दिसायला देखणी, पण ती साचा आणि फायबर मागते. दोन पाइपांची जोडनाव कुणालाही जमते, वाऱ्यात कलंडत नाही आणि मधल्या रिकाम्या जागेत चाऱ्याची पेटी आपोआप बसते.

सामान निपाणी, संकेश्वर, चिकोडी, कुठल्याही गावात मिळेल. शौचालयाच्या लाइनीला वापरतात तो ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर पाइप घ्या, हलक्या प्रतीचा चालतो. पुढच्या टोकाला ४५ अंशाचं वाकण वर तोंड करून लावा आणि त्यावर टोपण बसवा. असं केल्यानं टोपणाचा सपाट चेहरा पाण्याच्या वर राहतो आणि नाक लाटेवर चढतं. सरळ पाइपालाच टोपण लावलं तर होडी पाणी ढकलत बसते.

मागच्या टोकाला प्लंबरकडून दार असलेला तुकडा मागा. लाइन तुंबली तर उघडून साफ करता यावी म्हणून बसवतात तो. त्याला रबराची गादी आणि झाकण असतं. हे दार वर येईल अशा बेतानं तुकडा चिकटवला की मोटरीपर्यंत हात घालायला पाणी न शिरणारी खिडकी तयार मिळते. साऱ्या होडीतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे, कारण मोटरीचा कोणताही दोष पाइप न कापता पाहता येतो.

चिकटवण्याआधी सगळं कोरडं जुळवून बघा. दोन्ही पाइपांवर सरळ रेघ मारा, म्हणजे पुढचं वाकण आणि मागचं दार एकाच रेषेत येतील. सोल्युशन लावलं की हातात काही सेकंदच असतात, रेघ नसेल तर एक नाक उजवीकडे बघतं आणि दुसरं डावीकडे. पाइपाचं तोंड सॅंडपेपरनं घासा, फडक्यानं पुसा, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावा, पाव फेरा फिरवत दाबा. पाण्यात घालण्याआधी चोवीस तास जाऊ द्या.

पाइप बंद करण्याआधी एक काम करायचं असतं. पुढचा ६० सेंटिमीटरचा भाग मागच्या मोटरीच्या भागापासून तोडायचा. थर्मोकोलची चकती पाइपाच्या आतल्या मापाची कापा, रेटून बसवा आणि मागच्या बाजूनं तिच्या कडेनं आणि वर संथ सुकणाऱ्या अरल्डाइटचा थर द्या. झटपट सुकणारं वापरू नका, ते पाण्यात तितकं टिकत नाही. पुढच्या भागात थर्मोकोलचे तुकडे भरा. आता हिशेब बघा: बंद भागाचं आकारमान दोन्ही पाइपांचं मिळून ११ लिटरहून जास्त, होडीचं वजन साडेआठ किलो. मागचे दोन्ही भाग पाण्यानं भरले तरी होडी शेपूट खाली टाकून तरंगत राहील, तळाला जाणार नाही.

दोन पाइपांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर ठेवा, एकूण रुंदी ३७ होते. खिडक्या करणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचे दोन तुकडे घ्या आणि पाइपाला गोल क्लॅम्पनं आवळा. फळी बसवायला पाइपाला भोक पाडू नका. फळीसाठी पाटी रंगवणाऱ्या दुकानातली ८ मिलिमीटरची पीव्हीसी फोम शीट उत्तम. ती ब्लेडनं कापते, कुजत नाही आणि हलकी असते. प्लायवूड स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, एका हंगामात फुगतं. फळी भगव्या किंवा पिवळ्या रंगात रंगवा. शंभर मीटरवर दुपारच्या चकाकत्या पाण्यात पांढरी होडी दिसतच नाही.

मोटर आणि शाफ्ट

इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. पाणी शिरतं ते बहुतेक इथूनच.

मोटर ७७५ मापाची घ्या, १२ व्होल्टवर रिकामी मिनिटाला ६ ते ८ हजार फेरे देणारी. याच मापाच्या २० हजार फेऱ्यांच्या मोटरीही मिळतात, त्या ड्रिल मशीनला ठीक. पाण्यात त्या करंट पितात आणि पंखा नुसता फेस काढतो. पंखा तीन पात्यांचा, ४० मिलिमीटरचा, एक उजवा आणि एक डावा. मागून पाहिल्यावर उजवा पंखा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आणि डावा उलट फिरला पाहिजे.

शाफ्ट ४ मिलिमीटरचा स्टेनलेस सळईचा, पितळी नळीत, नळीच्या दोन्ही टोकांना पितळी बुश. हा जोड ऑनलाइन तयार मिळतो. बेळगावात असाल तर उद्यमबागेतल्या एखाद्या लेथवाल्याकडून बुश करून घ्या. सळई सोबत न्या आणि त्याला सांगा की सळई बुशात बोटानं ढकलली तर जावी, पण हलवली तर खडखडू नये. आपल्या गावचे कारागीर पंप आणि हायड्रॉलिकची कामं करतात, त्यांना हे एका वाक्यात कळतं.

पाइपाच्या मागच्या टोपणाला नळीसाठी भोक पाडायचं ते पाइपाच्या तळापासून २७ मिलिमीटर उंचीवर. हे माप मनानं काढलेलं नाही. होडी निम्मी बुडते तेव्हा पाणी तळापासून ५५ मिलिमीटरवर असतं. २७ वर मध्य ठेवला तर ४० मिलिमीटरचा पंखा ७ पासून ४७ पर्यंत फिरतो, म्हणजे वरून पूर्ण पाण्याखाली आणि खालून पाइपाच्या तळाच्या आतच. काठावर होडी टेकली तरी पातं दगडाला लागत नाही. आणि ४२ मिलिमीटर जाडीची मोटर याच उंचीवर पाइपात मावते, खाली तीन-चार मिलिमीटर जागा उरते.

मोटर पकडायला त्याच फोम शीटची पाइपाच्या आतल्या मापाची चकती कापा आणि तिचा वरचा अर्धा भाग काढून टाका, म्हणजे दारातून हात आत जाईल. खालच्या अर्धचकतीला २७ च्या हिशेबानं भोक पाडून मोटरीचा चेहरा दोन स्क्रूंनी तिला आवळा. मग मोटर, कपलिंग, शाफ्ट आणि नळी हे सगळं आधी जोडा. जोडलेल्या अवस्थेतच अर्धचकती पाइपात आणि नळी टोपणात अरल्डाइटनं बसवा. नळी आधी पक्की करून मोटर नंतर जुळवायला गेलात तर एक-दोन मिलिमीटरचा फरक राहतोच. तो फरक मग आवाज, गरमी आणि झिजलेला बुश होऊन बाहेर येतो. अरल्डाइट ओलं असताना पंखा बोटानं फिरवत राहा. कुठंही अडखळला नाही की समजा रेषा जुळली. पितळ आणि पीव्हीसी दोन्ही चिकटवण्याआधी खरखरीत घासा, नाहीतर गोंद पापुद्र्यासारखा सुटतो.

पंखा पाणी मागं ढकलतो तेव्हा शाफ्ट पुढं रेटला जातो. तो रेटा मोटरीवर जाऊ देऊ नका. पंखा आणि मागचा बुश यांच्यामध्ये नायलॉनचा वायसर घाला आणि कपलिंगचा स्क्रू असा आवळा की रेटा बुशावर थांबेल. शाफ्टला अर्धा मिलिमीटर हालचाल राहू द्या.

नळीत पाण्यात न विरघळणारं ग्रीस भरायचं असतं. शाफ्ट बाहेर काढा, सिरिंजनं नळी काठोकाठ भरा आणि शाफ्ट हळूहळू फिरवत आत सारा. दुसऱ्या टोकाकडून ग्रीसची जाड दोरी सलग बाहेर येते. ती मध्येच तुटली, बुडबुडा आला, तर आत हवा राहिली आहे असं धरून पुन्हा भरा. त्या हवेच्या जागीच पाणी येऊन बसतं.

मग होडी जुळवण्याआधी एकेक पाइप बादलीत शेपूट खाली करून उभा करा, मोटरीखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी पेपर कोरडा असेल तरच पुढं जा. ओला असेल तर डाग कुठून सुरू झालाय ते बघा. नळीकडून असेल तर ग्रीस, टोपणाकडून असेल तर गोंद.

पंख्यांभोवती स्टेनलेस तारेचं कडं करून बसवा. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, पंख्यात गुंडाळला की मोटर जळते आणि गळही जातो.

चाऱ्याची पेटी

पेटी दोन पाइपांच्या मधल्या जागेत, होडीच्या बरोबर मध्यावर टांगायची. दीड किलो चारा एका क्षणात खाली जातो. पेटी पुढं किंवा मागं असेल तर चारा सोडल्यावर होडीचा तोल बदलतो. मोटरी मागं असल्यामुळे मागची बाजू जड असते, तेव्हा बॅटरी पुढच्या बाजूला सरकवून तोल साधा.

माप १४ बाय २५ सेंटिमीटर, उंची १०. बाजू किंचित तिरक्या ठेवा, अशा की पेटी वर अरुंद आणि तळाशी थोडी रुंद होईल. सरळ भिंतींच्या पेटीत ओला चारा कमान धरून बसतो, दार उघडलं तरी खाली पडत नाही. पेटीचा तळ पाण्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर राहिला पाहिजे, नाहीतर वाटेतच चारा धुऊन जातो.

तळाचं दार एका फळीचं. बिजागरी दाराच्या पुढच्या कडेला लावायची, मागच्या नाही. होडी पुढं निघाली की पाणी उघडं दार वर ढकलतं आणि ते मागं सपाट होऊन राहतं. बिजागरी मागं असेल तर दार फावड्यासारखं पाण्यात उभं राहतं आणि परतीचा सगळा प्रवास होडी ते ओढत येते.

दार धरून ठेवायला पितळी कडी आणि ३ मिलिमीटरची गुळगुळीत सळई. सळई मागं ओढायला धातूच्या गिअरचा सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या हुकमावर हात फिरवणारी छोटी मोटर, एमजी९९६आर चालतो. सर्व्होचा हात आणि सळई एका रेषेत असू द्या. तिरकं ओढलं की सळई भोकात अडकते. पेटीत दोन किलो वाळूची पिशवी ठेवून दार वीस-पंचवीस वेळा उघडून बघा. जी कडी घरी एकदा अडकली ती धरणावर हमखास अडकते.

वीज आणि रिमोट

दोन्ही मोटरींना वेगवेगळा ईएससी लागतो, म्हणजे वेग सांभाळणारी पाटी. ब्रश मोटरीसाठीचा, पुढं-मागं दोन्ही चालणारा आणि ब्रेक नसलेला मागा. ब्रेकवाला ईएससी मागं जाताना आधी थांबतो, मग उलटा फिरतो, आणि जागेवर वळताना त्यामुळे होडी भलतीकडेच जाते. ईएससीच्या खोक्यावर ३२० अँपिअर छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आपल्याला एका मोटरीला चार-पाच अँपिअर लागतात, तेवढ्याला तो पुरतो. रिसिव्हरला, म्हणजे होडीवर रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या डबीला, पाच व्होल्ट एकाच ईएससीमधून द्या. दुसऱ्याच्या तीन वायरींमधली मधली लाल वायर काढून टेप लावा.

बॅटरीपासून निघणाऱ्या लाल वायरीवर २० अँपिअरचा गाडीचा फ्यूज लावा, बॅटरीच्या अगदी जवळ. प्रत्येक मोटरीवर १०४ लिहिलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर डाखा: एक दोन टोकांमध्ये, बाकीचे दोन एकेका टोकापासून मोटरीच्या अंगाला. ब्रशच्या ठिणग्यांनी रिसिव्हर बावरतो, तो यानं शांत राहतो.

ईएससी आणि रिसिव्हर सीसीटीव्ही कॅमेऱ्याला लावतात त्या जलरोधक डब्यात घाला, वायरी केबल ग्लँडमधून बाहेर काढा. मोटरीच्या वायरीही दाराच्या झाकणातून ग्लँड लावूनच वर आणा.

६ अँपिअर-तासाच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीचा हिशेब असा: दोन्ही मोटरी मिळून आठ अँपिअर, बॅटरी ऐंशी टक्केच वापरायची, म्हणजे ३५ मिनिटं. होडी सेकंदाला एक मीटर चालते असं धरा. शंभर मीटर जाऊन येऊन, वळण आणि चारा सोडणं धरून, साडेतीन मिनिटं. दहा फेऱ्या होतात. शिशाच्या बॅटरीवर पाच धरा. बॅटरी लिथियमची असेल तर चार्जरही तिचाच, १४.६ व्होल्टचा.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, निदान पाच-सहा चॅनेलचा. फ्लायस्काय आय६ हा इकडे सहज मिळतो आणि पुरेसा आहे. ईएससी पहिल्या आणि दुसऱ्या चॅनेलवर लावा आणि मेनूत एलेव्हॉन मिक्स चालू करा. उजव्या एकाच दांड्यानं पुढं, मागं आणि वळणं सगळं होतं. सर्व्हो कुठल्याही दोन टोकांच्या स्विचवर ठेवा, दांड्यावर नको. एखादी मोटर उलटी फिरली तर तिच्या दोन वायरी बदला.

फेल-सेफ सर्वांत महत्त्वाचं. सिग्नल तुटला की दोन्ही मोटरी थांबल्या पाहिजेत आणि पेटी बंद राहिली पाहिजे. दांडे मध्यावर ठेवून ते सेट करा. मग होडी स्टुलावर ठेवून पंखे फिरत असताना रिमोट बंद करून बघा. पंखे थांबले नाहीत तर ती होडी पाण्यात घालू नका.

अँटेना पाण्याजवळ असली की पल्ला निम्म्याहून कमी होतो. वायरिंगच्या पांढऱ्या नळीचा फूटभर तुकडा फळीवर उभा करा आणि रिसिव्हरची एक मिशी त्यात सरळ उभी, दुसरी तिच्याशी काटकोनात आडवी बांधा. पल्ला आधी रिकाम्या शेतात तपासा. एक जण होडी गुडघ्याइतक्या उंचीवर धरून दोनशे मीटर चालत जाईल, दुसरा दांडा हलवेल.

जीपीएसवर आपोआप परत येणारी यंत्रणाही बसवता येते. आर्डूपायलटच्या रोव्हर सॉफ्टवेअरमध्ये होडीची सोय आहे. पण ती साध्या होडीवर हात बसल्यावर. कडी आणि शाफ्ट बिनचूक चालत नसतील तर त्यावर उपग्रह बसवून उपयोग नाही.

पहिल्यांदा पाण्यात

सुरुवात शेतातल्या हौदात किंवा शेततळ्यात करा. दीड किलो वाळू भरून होडी सोडा आणि पाइपावर पाणी कुठं येतं तिथं मार्करनं खूण करा. पुढं कधी ही खूण पाण्याखाली गेली तर आत पाणी शिरलंय हे काठावरूनच कळतं. दोन्ही मोटरी सारख्या वेगानं ओढतात का ते बघा. होडी एकीकडे जात असेल तर रिमोटवरच्या ट्रिमनं सरळ करा.

धरणावर पहिल्या काही फेऱ्यांना शेपटीच्या मधोमध जाड पॉलिप्रोपिलीनची दोरी बांधा, शंभर मीटरची, तरंगणारी. दोरी ओढायचं वजन होडीला जड जातं, पण पहिल्या दिवशी विश्वास बसेपर्यंत ती असावीच. जवळ एक जड शिसं आणि मोठा तिपेडी गळ लावलेली काठी तयार ठेवा. बंद पडलेली होडी पन्नास मीटरच्या आत असेल तर पलीकडे फेकून ओढून आणता येते. त्यापेक्षा लांब असेल तर वारा तिला कुठल्या काठाला लावतो ते बघत बसा, किंवा नाववाल्या मच्छीमाराला हाक मारा. त्यांच्याशी आधीपासून ओळख ठेवा. पाण्याखाली काय आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. "अण्णा, तिकडं नका सोडू, बुडालेल्या झाडांची खोडं हाईत तितं," असं एक वाक्य तुमचा सगळा संच वाचवतं.

वाऱ्याचा नियम सोपा: वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर जा, पाठीवर असेल तर विचार करा. तोंडावरचा वारा बंद होडी तुमच्याकडे आणतो. दुपारी पश्चिमेचा वारा वाढतो, म्हणून फेऱ्या सकाळी उरका. कृष्णेत जलपर्णीचे पुंजके वाहत असतील त्या दिवशी होडी काढूच नका. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला फळ्यांकडे ओढ असते, तिथून शंभर मीटर तरी दूर राहा.

चारा आणि गळ सोडताना

चारा: शेंगदाणा पेंड कुटून, भरडलेला मका, भाताचा कोंडा, थोडं गुळाचं पाणी, आणि वर मूठभर वाफवलेले मक्याचे दाणे. हातात दाबला तर लाडू व्हावा, पण बोटानं ढकलला की फुटावा. चिकट झाला तर पेटीला धरून बसतो, तेव्हा पेटीच्या भिंतींना आधी कोरडा कोंडा शिंपडा. एका जागी दिवसाला दोन-तीन किलोंपेक्षा जास्त टाकू नका. न खाल्लेला चारा सडतो आणि हिडकलचं पाणीही लोक पितात.

गळ, शिसं आणि हातभर तंगूस चाऱ्याच्या वर ठेवा. दोरा पेटीच्या मागच्या कडेवरून दोन पंख्यांच्या बरोबर मधून निघाला पाहिजे. रिळाचं कडं उघडं ठेवा आणि दोऱ्याला बोट लावून हलका ताण द्या, म्हणजे ढिली वेटोळी पंख्याकडे जाणार नाहीत. काठी उभी धरा.

जागा ठरवायला समोरच्या काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत घ्या, जवळचं झाड आणि मागचा देवळाचा कळस अशा. तीच रेष धरली की पुढच्या फेऱ्यांना चारा त्याच पट्ट्यात पडतो. अंतर दोऱ्यावर पक्क्या रंगानं खूण करून ठरवा. खोली मात्र होडीवरून कळत नाही. आधी नुसतं शिसं आणि बुडबुडं (दोऱ्यावरचा तरंडा) नेऊन मोजून घ्या, जुन्या पात्राची कड सापडली की फरक लगेच जाणवतो.

जागेवर पोचलात की होडी थांबवा, दोन सेकंद स्थिर होऊ द्या आणि पेटी उघडा. लगेच वळू नका. तीन-चार मीटर सरळ पुढं जा, दोरा खाली बसू द्या, मग मोठा वळसा घेऊन दोऱ्याच्या बाजूनं, वाऱ्याकडच्या अंगानं परत या. पेटी उघडल्या जागी गर्रकन वळवलेली होडी स्वतःचाच दोरा पंख्यात घेते.

ही पद्धत तळाला चरणाऱ्या मृगळ आणि सायप्रिनससाठी आहे. रोहू मधल्या पाण्यात फिरतो, पण पेंडीच्या वासानं खाली येतो. कटला वरच्या थरात खातो, त्याच्यासाठी गळ बुडबुड्याखाली टांगावा लागतो आणि चारा बारीक, हलका ठेवावा लागतो. खडस (महाशीर) लागला तर ओला हात करून गळ काढा आणि पाण्यातच सोडून द्या.

घरी आल्यावर

दोन्ही दारं उघडा, होडी शेपूट खाली करून उभी करा. आतून किती पाणी निघतं ते बघा. चार-पाच थेंब चालतात, वाटीभर निघालं तर ग्रीस बदलायची वेळ झाली. पेटी धुवा. पेंडीचा कण कडीत राहिला तर दुसऱ्या दिवशी दगडासारखा होतो. पंख्यामागचा वायसर हातानं हलवून बघा, दोऱ्याचा एखादा वेढा तिथं दडलेला असतो आणि तो बुशात शिरला की गळती सुरू होते. बॅटरी काढून ठेवा. पावसाळ्याआधी होडी आवरून ठेवताना ती निम्मी चार्ज करून कोरड्या जागी ठेवा, दारांच्या रबरांना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा आणि झाकणं सैल ठेवा, म्हणजे रबर दबून राहणार नाही.